तीस माणसांचा हिशेब

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या जरा वर, प्रवाळाची एक कडी पाण्यातून डोकं काढून उभी आहे. जुने लोक तिला माकिन म्हणत. त्या कडीतलं मोठं बेट म्हणजे बुतारितारी. लांबीला बरंच, रुंदीला अगदी बेताचं. एका अंगाला शांत उथळ पाणी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. माणसं नारळावर, मासळीवर आणि खड्ड्यात लावलेल्या बाबाई नावाच्या अळवावर जगत. राज्य इंग्रजांचं होतं. १९४१ च्या डिसेंबरात जपानी आले आणि त्यांनी तिथे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ केला. बेटावरच्या माणसांना इंग्रजांनी विचारलं नव्हतं, जपान्यांनीही विचारलं नाही.

त्या बेटावर एक सोळाएक वर्षांचा पोरगा होता. त्याचं काम गोष्टीत उशिरा आहे. तूर्त तो तिथे होता एवढं लक्षात असू द्यावं.

पुढच्या साली, १९४२ च्या ऑगस्टात, अमेरिकेच्या दोन पाणबुड्या हवाईच्या पर्ल हार्बर बंदरातून निघाल्या. एकीचं नाव नॉटिलस, दुसरीचं आर्गोनॉट. दोघींच्या पोटात मिळून दोनशेवर मरीन सैनिक कोंबून बसवले होते. आत उकाडा असा, की माणसं बहुतेक वेळ फळकुटावर पडून राहत. त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल इव्हान्स कार्लसन. त्याच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर मेजर जेम्स रूझवेल्ट, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांचा मुलगा. तिकडे दक्षिणेला ग्वाडलकॅनालवर लढाई पेटलेली होती. माकिनवर अचानक छापा घालायचा, तळ उद्ध्वस्त करायचा, कागदपत्रं आणि कैदी आणायचे आणि जपान्यांचं लक्ष दुसरीकडे वळवायचं, असा बेत होता. एका दिवसात काम उरकून परत पाणबुडीत यायचं होतं.

१७ ऑगस्टच्या पहाटे ते रबरी बोटींतून किनाऱ्याकडे निघाले. बोटींची यंत्रं खाऱ्या पाण्याने भिजून बंद पडली, बोटी एकमेकींत अडकल्या, पण बहुतेकजण कसेबसे वाळूला लागले. एक बोट मात्र भरकटली. पीट्रॉस नावाच्या तरुण लेफ्टनंटची ती बोट बारा माणसांसह मुख्य तुकडीपासून लांब, शत्रूच्या पाठीमागे जाऊन लागली. ते बाराजण दिवसभर आपल्या परीने लढले. इकडे काय चाललं आहे ते त्यांना कळत नव्हतं आणि ते कुठे आहेत ते इकडे कुणाला माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांच्यातले नऊजण ठरल्या वेळी पाणबुडीवर पोचले. तिघे गेले होते.

मुख्य तुकडीत पहाटेच एकाच्या हातून चुकून बंदूक उडाली आणि अचानकपणा तिथेच संपला. जपानी मशीनगन सुरू झाल्या. माडांच्या शेंड्यांत नेमबाज बसले होते. दोनदा जपानी सैनिक ओरडत अंगावर धावून आले आणि दोन्ही वेळा कापले गेले. सार्जंट क्लाइड थॉमेसन उभा राहून आपल्या माणसांना जागा दाखवत होता, त्यातच तो पडला. त्या युद्धात सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तो पहिला मरीन शिपाई, आणि ते त्याला मरणानंतर मिळालं. दुपारी विमानं आली, बॉम्ब टाकून गेली. दोन विमानं कुमक घेऊन आतल्या शांत पाण्यात उतरली, त्यांना मरीन्सनी तिथेच संपवलं.

संध्याकाळी सगळे परत निघाले. खरी परीक्षा तिथे लागली.

लाटा बोटींना पुढे जाऊच देईनात. माणसं पाण्यात उतरून बोट ढकलत, वल्ही मारत, तेवढ्यात मागून येणारी लाट बोट उलटून पुन्हा वाळूवर आणून टाकी. बंदुका बुडाल्या, बूट गेले, कुणाच्या अंगावर कपडे उरले नाहीत. अंधार पडला तेव्हा अर्ध्याहून कमी माणसं पाणबुड्यांवर पोचली होती. उरलेली ओली, थकलेली, जखमींना घेऊन किनाऱ्यावर. हत्यारं मूठभर लोकांकडे. अध्यक्षांचा मुलगाही त्यांच्यातच.

कार्लसनला वाटलं, झाडीपलीकडे अजून मोठी फौज आहे आणि सकाळी ती आपल्याला चिरडणार. दिवसभर कानावर गोळ्यांचा आवाज असलेल्या माणसाला असं वाटणं काही नवलाचं नाही. रात्री एक चिठ्ठी लिहिली गेली. शरण येतो, अशी. दोघेजण ती घेऊन अंधारात गेले आणि त्यांना भेटलेल्या एका जपान्याच्या हाती देऊन आले.

उजाडल्यावर टेहळणीला गेलेल्यांना झाडीत प्रेतंच प्रेतं दिसली. लढणारं असं फारसं कुणी उरलंच नव्हतं. ज्या फौजेला शरण जायचं रात्री ठरलं होतं, ती आदल्या सकाळीच जवळजवळ संपलेली होती.

चिठ्ठीची गोष्ट मग मागे पडली. सैनिकांनी बेटावर फिरून कागद गोळा केले, पेट्रोलचा साठा पेटवला. त्या दिवशी पाणबुडीतून पाच स्वयंसेवक बोटीने किनाऱ्यावरच्यांच्या मदतीला निघाले. वरून विमानाने गोळ्या झाडल्या आणि ती बोट पुन्हा दिसली नाही. निघण्यापूर्वी कार्लसनने गावच्या पोलीस प्रमुखाला आपल्या मेलेल्या माणसांना नीट मूठमाती द्यायला सांगितलं. १८ च्या रात्री उरलेल्यांनी आतल्या शांत पाण्यातून, रबरी बोटी आणि गावकऱ्यांची एक होडी एकत्र बांधून, पाणबुडी गाठली.

आता मोजणी आली.

दोन पाणबुड्या, दोन दिवस, अंधारात चढलेली माणसं. जो ज्या पाणबुडीतून आला तो त्याच पाणबुडीत परत गेला असं नव्हतं. जी सापडली तिच्यात तो शिरला. एखादा दिसला नाही की सगळे समजत, तो दुसऱ्या पाणबुडीत असेल. ही समजूत आठवडाभर टिकली, कारण दोघी वेगवेगळ्या परत येत होत्या. पर्ल हार्बरच्या धक्क्यावर बँड वाजला, स्वागत झालं, आणि दोन्हीकडच्या याद्या शेजारी ठेवल्यावर दिसलं की ३० माणसं कमी आहेत.

त्या तिसांचं काय लिहायचं? १८ जण लढताना मेल्याचं धरलं गेलं. राहिले १२. त्यांच्यापुढे ‘बेपत्ता’ लिहिलं आणि सगळे मनात समजले, समुद्राने नेले. ती रात्र ज्यांनी पाहिली होती त्यांना दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतंच. १८ आणि १२ मिळून ३०. बेरीज जुळली. कागद बंद झाला.

शत्रूकडच्या मेलेल्यांची मोजणी आणखी अवघड निघाली. मरीन्सनी बेटावर ८३ प्रेतं मोजली. गावकरी म्हणाले, याहून पुष्कळ मेले. नॉटिलसच्या तोफांनी आतल्या पाण्यात दोन जहाजं बुडवली, त्यांवरही माणसं होती. गावकऱ्यांच्या सांगण्यावरून कार्लसनने १६० चा आकडा धरला. जपान्यांच्या कागदांत बेटावरचे ४६ लिहिले गेले, जहाजांवरचे किती ते वेगळंच. एकाच बेटावरचे, एकाच दिवसाचे हे तीन आकडे. प्रत्येकामागे कुणीतरी शहाणा, बऱ्यापैकी प्रामाणिक माणूस उभा होता.

घरी मात्र लोकांना आकडे नको होते, विजय हवा होता. तो त्यांना मिळाला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, कार्लसनला पदक मिळालं, आणि १९४३ साली या छाप्यावर ‘गुंग हो!’ नावाचा चित्रपट निघाला. शरणचिठ्ठीची कुजबूज त्या रात्री तिथे असलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या तोंडून हळूहळू बाहेर यायला कित्येक वर्षं लागली. तेव्हाही काहीजण ती नाकारत राहिले. माझ्या मते, नाकारणाऱ्यांना खोटारडं म्हणण्यात अर्थ नाही. किनारा लांब होता, रात्र काळोखी होती, आणि शंभरभर माणसांपैकी चिठ्ठी पाहिलेले मोजकेच होते. बाकीच्यांनी जे पाहिलं नाही ते झालंच नाही असं धरलं, एवढंच.

युद्ध संपलं. मग माकिनच्या वायव्येला, मार्शल बेटांतल्या क्वाजालिनवरून, एक वेगळीच हकिकत आली.

तिथल्या एका रहिवाशाने झाडीत लपून काहीतरी पाहिलं होतं. जपानी अधिकाऱ्यांच्या चौकशीतही तेच बाहेर आलं. १९४२ च्या ऑक्टोबरात, छाप्यानंतर दोन महिन्यांनी, नऊ अमेरिकन कैद्यांची तिथे मुंडकी उडवण्यात आली होती. ते नऊजण माकिनवर पकडलेले मरीन होते. म्हणजे बेपत्तांपैकी नऊजण समुद्राने नेलेच नव्हते. कुणी त्या गोंधळात मागे राहिले असतील, कुणाला लाटांनी परत वाळूवर टाकलं असेल. पाणबुड्या निघून गेल्यावर ते बेटावर जिवंत होते. जपान्यांची नवी तुकडी आली तेव्हा त्यांना धरलं आणि क्वाजालिनला नेलं. हुकूम देणारा व्हाइस ॲडमिरल कोसो आबे याच्यावर ग्वाम बेटावर खटला चालला आणि १९४७ साली त्याला फाशी झाली. कार्लसनही त्याच वर्षी वारला.

इकडे धक्क्यावर ‘समुद्राने नेले’ असं मनात लिहिलं जात होतं, तेव्हा ते नऊजण श्वास घेत होते. त्यांना तेव्हाच कुणी वाचवू शकलं असतं का, ते सांगता येत नाही. भर युद्धात पाणबुडी परत पाठवणं सोपं नव्हतं. पण शोधावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण शोधण्यासारखं काही उरलं आहे असं त्या जुळलेल्या बेरजेत दिसतच नव्हतं.

मेलेल्यांचीही तीच गत झाली. १९४३ च्या नोव्हेंबरात अमेरिकन फौजांनी माकिन कायमचं घेतलं. युद्धानंतर मृतांचे अवशेष शोधणारं पथक बेटावर येऊन गेलं. कबर सापडली नाही. अवशेष मिळण्यासारखे नाहीत, असा शेरा पडला. घरोघरच्या आयांनी तो शेरा वाचला आणि बहुतेकजणी तेवढ्यावरच जग सोडून गेल्या.

पन्नासाहून अधिक वर्षं गेली. बेटावर नवी घरं आली, रस्ता आला, माड पडले, नवे लागले. माकिन ज्यांत मोडतं त्या गिल्बर्ट बेटांचं किरिबाती नावाचं स्वतंत्र राष्ट्र झालं. छाप्यातून वाचलेले सैनिक म्हातारे झाले, पण आपल्या सोबत्यांना विसरले नाहीत. त्यांनी सरकारच्या मागे टुमणं लावलं. शेवटी १९९० च्या दशकाच्या अखेरीला हवाईतल्या लष्करी प्रयोगशाळेचे लोक बेटावर आले. या प्रयोगशाळेचं कामच हाडांवरून माणूस ओळखण्याचं.

ते गावात बसले आणि विचारू लागले. कबरीबद्दल सगळ्यांनाच काहीतरी माहीत होतं. कुणी आजोबांकडून ऐकलं होतं, कुणी चुलत्याकडून. एकजण या माडाखाली म्हणे, दुसरा त्या वळणावर. आधीच्या खेपेत हाती काही लागलं नाही. गावकरी खोटं बोलत नव्हते. ऐकीव गोष्ट हाताहातांतून जाताना झिजलेली होती, जुन्या नाण्यासारखी; नाणं खरं, पण वरची अक्षरं वाचता येत नव्हती.

मग एक म्हातारा पुढे आला. सत्तरी ओलांडलेला. १९४२ साली तो सोळाएक वर्षांचा होता.

त्याच्या सांगण्यात ऐकलेलं नव्हतंच. छाप्यानंतर गावातल्या माणसांनी मेलेले मरीन एका जागी आणले, खड्डा खणला आणि त्यांना त्यात ठेवलं. त्या माणसांत हा होता. त्याने स्वतःच्या हातांनी ते काम केलं होतं. जपानी किती मेले हे त्याला विचारलं असतं तर त्याने गावाचाच आकडा सांगितला असता आणि तो बहुधा फुगलेलाच निघाला असता. पण माती कुठे उकरली होती ते त्याला ठाऊक होतं. त्याने जागा दाखवली.

१९९९ च्या अखेरीला तिथे खणलं. आधी वाळू लागली, मग हाडं. हाडांशेजारी शिरस्त्राणं होती, गंजलेले हातबॉम्ब होते, आणि गळ्यात घालायचे ओळखीचे बिल्ले होते. माणसं गणवेशानिशी, आपापल्या सामानासकट पुरलेली होती. गावकऱ्यांनी त्यांच्या अंगावरचं काही काढून घेतलं नव्हतं. गरीब बेट, युद्धाचे दिवस, पायात बूट असलेली परकी प्रेतं, आणि तरी. बेटावर पुन्हा जपान्यांचा अंमल येणार हे त्यांना माहीत होतं. अमेरिकनांना मदत केल्याचा जाब कुणी विचारील हेही त्यांच्या मनात आलं असणार.

अवशेष नेण्यासाठी विमान आलं, सोबत मानवंदना द्यायला आजचे तरुण मरीन आले. तेव्हा तो म्हातारा सरळ उभा राहिला आणि त्याने मरीन दलाचं गाणं म्हटलं, इंग्रजीत. त्याला इंग्रजी फारसं येत नव्हतं. छाप्याच्या त्या दोन दिवसांत मरीन्सच्या तोंडून ते त्याने उचललं होतं आणि इतकी वर्षं जवळ ठेवलं होतं.

हाडं प्रयोगशाळेत गेली. जुन्या दातांच्या नोंदी काढल्या, हाडांची मापं घेतली, नातेवाइकांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. पुढच्या वर्षी नावं ठरली.

कबरीत १९ मरीन होते. कागद म्हणत होता, लढताना मेलेले १८. म्हणजे ‘बेपत्ता’ म्हणून लिहिलेला एकजण त्या खड्ड्यातच होता. त्याच्या घरच्यांना वाटलं होतं समुद्राने नेला. तो आपल्या सोबत्यांशेजारी, त्यांच्याच मातीत पडून होता. गावकऱ्यांनी त्याला पुरताना त्याचं नाव यादीत आहे का, असं विचारलं नव्हतं. मेलेला दिसला, उचलला, ठेवला.

तेव्हा आता हिशेब असा लागतो: कबरीत १९, क्वाजालिनला ९, उरले २. बेरीज पुन्हा तीसच. धक्क्यावर मांडली तेव्हाही तीसच होती. पण तेव्हा नऊ जिवंत माणसं मेलेल्यांत धरली गेली होती आणि एक पुरलेला माणूस समुद्राने नेलेल्यांत. एकूण आकडा बरोबर होता म्हणून आतल्या ओळी कुणी पुन्हा वाचल्या नाहीत. खोटा हिशेब लवकर पकडला जातो, कारण तो कुठेतरी अडतो. हा कुठेच अडत नव्हता. आणि दरवेळी तो सुटला तो मोठ्या अहवालांनी नाही, तर ज्याने झाडीतून पाहिलं होतं किंवा हाताने माती लोटली होती, अशा कुणाला तरी जवळ बसवून, तू ऐकलंस, पाहिलंस की केलंस, एवढं विचारल्यामुळे.

२००१ च्या १७ ऑगस्टला, छाप्याच्याच तारखेला, त्या १९ पैकी १३ जणांना वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत लष्करी इतमामाने ठेवलं. बाकीच्या सहांना त्यांच्या घरच्यांनी आपापल्या गावी नेलं. गणवेशातले म्हातारे छापेकरी काठ्या टेकत आले होते. उरलेल्या दोघांच्या नावांपुढे मात्र ‘बेपत्ता’ हा शब्द तसाच आहे. तो बदलण्याइतकं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे. या खेपेला त्यांना कुणी समुद्राच्या खात्यात टाकलेलं नाही.